बुरसट दाणे आणि बाळाची वाढ

भुईमूग किंवा मका नीट न वाळविता साठविल्यास त्यावर बुरशी चढते. त्यातील एका जातीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष उत्पन्न होते. १९७४ साली बांसवाडा व पंचमहाल जिल्ह्यांत असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. अल्प प्रमाणातील विष लक्षात येत नाही, परंतु मातेच्या रक्तातून ते गर्भापर्यंत पोहोचते. आफ्रिकेतील गांबिया देशातील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या मातांच्या रक्तात हे विष अधिक होते, त्यांच्या बाळांची पहिल्या वर्षातील वाढ मंद आढळली.

शिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही. म्हणून शिक्षकांनी वर्गात शेंगदाणे निवडावयास द्यावेत. सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे ओळखावयास शिकवावे. असे दाणे गर्भवतीच्या ताटात जाऊ नयेत, एवढे मुलांनी घरी सांगितले तरी पाठाचे सार्थक झाले.