सुक्या बोरांचा जाम

वडवणीच्या बाजूला डोंगर आहे. डोंगराला बालाघाट म्हणतात. रानात, बांधावर बोरी पुष्कळ. संक्रांतीच्या सुमारास बोरं पिकतात. पोरांना बोरन्हाण घालतो, भोगीच्या भाजीत टाकतो, आणि बाकीची? बाकीची झाडाखाली पडून सडतात. काही घरी वाळवून बोरकूट करतात. तेवढंच.

या दिवसांत गावात माणसं तरी किती असतात? दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयता गेलेला असतो. नवरा-बायको फडावर, म्हातारी माणसं आणि पोरं घरी. सकाळी पोराला भाकरीबरोबर काय द्यावं, हा म्हातारीपुढचा रोजचा प्रश्न. दुकानातली जामची बरणी महाग पडते. कायद्याप्रमाणे साध्या जाममध्ये १०० भागांत निदान ४५ भाग फळ हवं. बरणीवर ते लिहिलेलं असतं. आता वाचता येतं, तर एकदा वाचून पाहावं.

जाम म्हणजे काही परका पदार्थ नव्हे. आपला मुरांबा, साखरांबा, गुळांबा हे त्याचेच भाऊबंद. मुरब्बा हा शब्द अरबी, जाम इंग्रजी, कृती एकच. फळ आणि गोड एकत्र आटवायचं.

बोरं पिकलेली पण घट्ट घ्यावी. बोरात अळी फार, म्हणून छिद्र असलेलं बोर बाजूला टाकावं. स्वच्छ धोतराच्या फडक्यावर पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवावी. रात्री आत घ्यावी, नाहीतर दहिवराने ओलसर होतात आणि बुरशी धरतात. सुकल्यावर कोरड्या डब्यात ठेवली की हव्या त्या दिवशी जाम करता येतो. उन्हाने बोरातलं क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, हे खरं. तेव्हा ताजी बोरं मिळतात तोवर ती खावीच.

आता कृती. अर्धा किलो सुकी बोरं दोन-तीन पाण्यांनी धुवावी. चार बोटं वर पाणी राहील एवढ्या पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी त्याच पाण्यात सालीसकट मऊ शिजवावी. पाणी फेकू नये, चव त्यातच उतरलेली असते. मग पुरणाच्या चाळणीवर घासावी. गर खाली पडतो, बी आणि साल वर राहते.

गर तोलून घ्यावा. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू का? फळात एक चिकट द्रव्य असतं, त्याला पेक्टिन म्हणतात. पेक्टिन, आंबट आणि साखर, तिघं एकत्र आली तरच जाम थिजतो. साखर कमी करून मन राखता येतं, पण मग बरणी टिकत नाही. तयार जाममध्ये १०० भागांत सुमारे ६५ भाग गोड व घट्ट पदार्थ असावा लागतो. एवढ्या दाट पाकात जंतूंना व बुरशीला पाणी मिळत नाही, म्हणून ती वाढत नाहीत. गूळ घातला तरी चालतो. तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, खडे व काड्या निघतात. रंग काळपट येतो, टिकायलाही जरा कमीच. पण चव आम्हांला गुळाचीच बरी वाटते.

भांडं स्टीलचं घ्यावं. पितळेचं असेल तर कल्हई पाहावी. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट शिजवलं तर ते पोटाला घातक.

साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी. लांब दांड्याच्या उलथण्याने सारखं ढवळावं. घट्ट होताना त्याचे शिंतोडे उडतात आणि ते तेलासारखे भाजतात. पोरांना चुलीपासून लांब बसवावं. झालं की नाही कसं ओळखायचं? गार ताटलीत थेंब टाकावा. थंड झाल्यावर ताटली तिरकी करावी. थेंब सरसर वाहिला तर अजून आटवा. जागेवर थांबला, बोट लावल्यावर वर सुरकुती आली, की भांडं लगेच उतरवा. फार आटवलं तर दगड होतो.

काचेची बरणी पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून कोरडी करावी, आणि जाम गरम असतानाच भरावा. ओला चमचा बरणीत घालू नये. वर बुरशी आली तर खरवडून खाऊ नये, सगळा फेकावा. मधुमेह असलेल्यांनी जपून, त्यात साखर आहेच. विकायचा विचार असेल तर अन्न खात्याची नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवावं.

बरणीवर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहावं: बोराचा जाम, अमुक तारीख. फडावरून आई-बाप परत आल्यावर पोरं ती चिठ्ठी वाचून दाखवतील.