तळावरचा मुकुट

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत जुनी पितळी भांडी, घड्याळं, चिनी मातीच्या पुतळ्या विकत घेणारे लोक अधूनमधून फिरतात. त्यातले बरेच सरळ व्यवहार करतात. सरळगावजवळ माझ्या मामाकडे आलेला माणूस तसा नव्हता. आजी पूर्वी मुंबईत एका पारशी बंगल्यात कामाला होती. बंगला विकला तेव्हा तिथल्या बाईंनी तिला एक पुतळी दिली होती, बाकावर बसलेला फाटक्या बुटांचा म्हातारा. त्या माणसाने ती उलटी केली, तळावरचा निळा 'एन' आणि त्यावरचा मुकुट दाखवला आणि म्हणाला, "मामा, ही इटलीच्या राजाच्या कारखान्यातली, अडीचशे वर्षांची. लाखांचा माल आहे." फक्त परदेशातून सर्टिफिकेट आणावं लागेल. लावणीच्या मजुरीसाठी ठेवलेले १८,००० रुपये मामाने दिले. नंतर त्याचा फोन लागला नाही. त्या पावसाळ्यात मामी कुणाशी धड बोलली नाही, आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

नेपल्सचा राजा चार्ल्स आणि त्याची सॅक्सन राणी मारिया अमालिया यांनी १७४३ मध्ये कापोदिमोन्ते इथे चिनी मातीचा कारखाना काढला. त्याची खूण होती लिलीचं फूल. १७५९ मध्ये चार्ल्स स्पेनच्या गादीवर बसला आणि कारागिरांसकट कारखाना माद्रिदला घेऊन गेला. मुकुटाखालचा 'एन' आला तो त्याचा मुलगा फर्डिनांड याने १७७१ मध्ये नव्याने काढलेल्या कारखान्यातून. पुढे फ्लॉरेन्सजवळच्या जिनोरी कारखान्याने आणि विसाव्या शतकापर्यंत इटली-जर्मनीतल्या इतर अनेकांनी तीच खूण आपल्या मालावर मारली. त्यामुळे ही खूण दिसली तर वस्तू राजाच्या कारखान्यातली नसण्याचाच संभव जास्त. शिवाय खाली 'मेड इन इटली' असेल तर ती विसाव्या शतकातली समजायला हरकत नाही.

म्हणून आधी घडण बघा, खूण शेवटी. मूळ मूर्तीचे हात, पाय, डोकं वेगळं करून प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा काढतात. गणपतीच्या कारखान्यात साचे पाहिलेल्याला हे लगेच कळेल. तुकडे पातळ मातीच्या घोळाने जोडतात, जोड पुसतात, वाळवून भाजतात. पोकळ अंगातली हवा बाहेर पडायला कुठेतरी भोक ठेवावं लागतं, नाहीतर मूर्ती भट्टीत फुटते. चकाकीवर रंग भरून पुन्हा मंद आचेवर भाजतात. रंगकाम छापील असेल तर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. कापोदिमोन्तेच्या जुन्या मातीत केओलिन नव्हतं, ती मऊ जातीची आणि दुधाळ दिसते. विषयही बोलतो: तेव्हा तिथे नाटकांतली मुखवटेवाली पात्रं घडवत, तर बाकावरचा भणंग म्हातारा हा विसाव्या शतकातल्या बाजाराचा लाडका. मामाची पुतळी बहुधा साठ-सत्तर वर्षांची आहे. तरी म्हाताऱ्याच्या बुटांच्या नाड्या हाताने वळलेल्या आहेत, आणि मामीने ती पुन्हा शोकेसमध्ये ठेवली हे मला योग्यच वाटलं.

डोळा तयार करायला आसनगावहून सुटणारी लोकल पुरते. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या रंगीत प्रतिकृती आणि मुंबईत घडलेली भांडी आहेत. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपातली चिनी माती आहे. तिथे तासभर उभं राहून बघा.

पुतळी फुटली तर फेव्हिक्विक लावू नका, तुकडे सुती कापडात ठेवा. चुकीच्या डिंकाने जोडलेली वस्तू नीट करणं जास्त कठीण. नाशिक हायवेलगतच्या घरांत ट्रकच्या हादऱ्याने पुतळ्या काचेवरून सरकत जातात, म्हणून तळाला मेणाचे दोन-तीन ठिपके द्या.

विकायची असेल तर सगळ्या बाजूंचे आणि तळाचे फोटो काढून लिलावगृहाला किंवा दोन वेगळ्या दुकानदारांना दाखवा. पावतीशिवाय वस्तू हातातून सोडू नका. खरा गिऱ्हाईक पैसे देतो. सर्टिफिकेट, कस्टम, तपासणी असं काहीही म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मोबाइलवरून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.