उपकार नको, मोबदला दे

नाशिक,
कोजागरी पौर्णिमा

चि. सानिकास,


तुझे मेसेज वाचले, बंड्याचे व्हिडिओही पाहिले. उत्तर मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर सांगितलेलं तू ‘हो मावशी’ म्हणत सोडून देतेस. कागद फ्रिजवर लावता येतो आणि घरातल्या सगळ्यांना तो येता-जाता वाचावा लागतो.

तू लिहितेस, ‘या कुत्र्याला मी रस्त्यावरून उचललं, पायाचं ऑपरेशन करवलं, आणि हा माझ्यावरच गुरगुरतो.’ ही तक्रार आजच्या आज सोडून दे. बंड्याला त्याची गल्ली होती. कोणत्या टपरीमागे उरलंसुरलं मिळतं, कोण दगड मारतो, कोणत्या गाडीखाली सावली असते, हे सगळं त्याला पाठ होतं. मग एके दिवशी गाडीची धडक बसली. पाठोपाठ जाळी, पिंजरा, सुया आणि टाके आले, आणि शेवटी चौथ्या मजल्यावरचं असं घर, ज्यातून बाहेर पडायची वाटच नाही. आपण त्याला वाचवलं हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही. जो उपकाराची परतफेड मागत बसतो, त्याला लवकर राग येतो, आणि राग आला की हात पट्ट्याकडे किंवा चपलेकडे जातो. म्हणून आधी हिशेब मिटव. बंड्या तुझं काहीही देणं लागत नाही. त्याने जे करावं असं तुला वाटतं, त्याचा मोबदला तू द्यायचा.

शेजारच्या काकांनी सुचवलेल्या ट्रेनरबद्दल विचारलंस. ‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवावं लागतं’ असं म्हणून जो गळ्यात आवळणारी साखळी घालतो, त्याला घरात घेऊ नकोस. या समजुतीचा उगम जुना आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोंडलेल्या जागेत ते भांडत होते, एकमेकांवर वरचढ ठरत होते. तेच चित्र पुढे सगळ्या लांडग्यांना आणि मग कुत्र्यांनाही लावलं गेलं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. पण याच मेक यांनी नंतर उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. ज्याने ती कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आपल्या सोसायट्यांच्या बागेत ती अजून साखळी घेऊन फिरते आहे.

मोबदल्याच्या शिकवणीमागचं शास्त्र साधं आहे. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती प्राणी पुन्हा करतो. थॉर्नडाइक यांनी हे मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, स्किनर यांनी त्याची पद्धत बांधली. कॅरन प्रायर यांनी हवाईत डॉल्फिनना शिकवताना तीच वापरली. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, ओढता येत नाही, मारावं तर तो दूर पोहून जातो. हातात उरते फक्त शिट्टी आणि मासळी. डॉल्फिनने हवं ते केलं की त्या क्षणी शिट्टी, मग मासळी. १९८४ च्या ‘डोन्ट शूट द डॉग’ या पुस्तकानंतर ही रीत कुत्रे पाळणाऱ्यांत खूप पसरली.

तुला शिट्टी नको, एक छोटा शब्द पुरे. ‘हां!’ म्हण. पहिले दोन दिवस काही शिकवू नकोस. बंड्या शांत असताना ‘हां’ म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, एवढंच. उकडलेलं बिनमिठाचं चिकन, पनीर किंवा रताळं, हरभऱ्याएवढा तुकडा. ‘हां’ ऐकताच तो तुझ्या हाताकडे पाहू लागला की समज, शब्दाला किंमत आली. मग तो आपणहून बसला, बूड टेकलं त्याच क्षणी ‘हां’. दोन सेकंदांनी म्हटलंस तर तोवर तो उठलेला असतो आणि उठण्याचा मोबदला त्याला मिळतो. शिकवणीत बहुतेकांचं अडतं ते इथेच, वेळ साधण्यात. एका बैठकीला तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. तो कंटाळायच्या आत थांब. दिलेला खाऊ त्याच्या जेवणातून वजा कर, नाहीतर शिकेल तितका फुगेल.

‘म्हणजे जन्मभर खिशात चिकन घेऊन फिरायचं का?’ असं ताई विचारेल. नाही. नवीन गोष्ट शिकताना दर वेळी द्यायचं, ती पक्की झाली की मधून मधून. आणि मोबदला म्हणजे फक्त खाणं नव्हे. दार उघडणं, कोपऱ्यावरचा खांब मनसोक्त हुंगू देणं, दोरीशी खेळणं, हेही सगळं त्याला हवंच असतं. ते फुकट वाटू नकोस. दाराशी शांत उभा राहिला की दार उघडायचं.

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या दोन प्रयोगांतून तुला शिकण्यासारखं आहे. २०१७ साली त्यांनी दाखवलं की अनोळखी माणूस वारंवार भेटत राहिला, तर खाऊ देणाऱ्यापेक्षा कुरवाळणाऱ्यावर या कुत्र्यांचा भरवसा जास्त बसतो. दुसऱ्या प्रयोगात माणसाने बोटाने दाखवलेली जागा त्यांना कळते का, ते पाहिलं. कुणी कधी काही न शिकवलेल्या या कुत्र्यांपैकी जी जवळ आली, त्यांतल्या बहुतेकांना इशारा कळला. पण बरीच कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. बंड्या आज त्या दुसऱ्या गटात आहे. त्याला अक्कल कमी नाही, भीती जास्त आहे, आणि घाबरलेलं जनावर खाऊलाही तोंड लावत नाही. म्हणून दिवाणाखालून त्याला ओढून काढू नकोस. तीच त्याची खोली समज, तिथे जुनी चादर टाक. तू जमिनीवर तिरकी बसून पुस्तक वाच, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नकोस. जवळ आला तर मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजव आणि हात काढून घे. त्याने डोकं पुढे केलं तर पुन्हा खाजव, तोंड वळवलं तर राहू दे. कुत्री पाळणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस धास्तीचे, तीन आठवडे घराची घडी कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. बंड्याला याहून जास्त वेळ लागला तर लागू दे.

आता गुरगुरणं. दादाने त्याच्या तोंडातली चप्पल हिसकावली आणि तो गुरगुरला. दादाने त्याला दरडावलं, ते करायला नको होतं. गुरगुरून तो सांगत होता, ‘पुढे येऊ नकोस.’ ते बंद पाडलं तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. मग न सांगता चावतो. गुरगुरण्याच्या आधीही तो बोलत असतोच: ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, अंग ताठ करून डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दाखवतो. हे दिसलं की मागे सरायचं. चप्पल हवी असेल तर अदलाबदल करा. थोडं लांब चिकनचे तुकडे टाका, तो तिकडे गेला की चप्पल उचला. पुढे पुढे तोंडातली वस्तू सोडली की हमखास त्याहून चांगलं मिळतं, हे त्याला पटेल. जेवताना ताटलीत हात घालून त्याची ‘परीक्षा’ पाहू नका. आणि चपला कपाटात ठेवा. ती सवय दादाला लावायची आहे, तिथेही मोबदला चालेल.

लाड करून सगळं सोडून द्यायचं, असं मी सांगत नाही. चुकीच्या कृतीतून त्याला काही मिळता कामा नये. फिरताना ओढायला लागला की झाडासारखी उभी राहा. पट्टा सैल झाला की चाल. अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरव, चारही पाय जमिनीवर आले की बोल. घरात शू केली तर काही न बोलता पुसून घे. नाक घासणं, ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की तुझ्यासमोर करायचं नाही, सोफ्यामागे करायचं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी खाली ने. बाहेर केली की लगेच, तिथल्या तिथे खाऊ दे. लिफ्टमधून वर आल्यावर दिलास तर तो वर येण्याचा झाला. आणि एक कधीही मोडू नकोस: ‘ये’ म्हणून बोलावून रागवायचं नाही, अंघोळही घालायची नाही. ‘ये’ ऐकून तो आला की त्याचं भलंच झालं पाहिजे. कधीतरी रस्त्यावर पट्टा सुटला तर हाच शब्द त्याचा जीव वाचवेल.

दिवाळीला पंधरवडा उरला आहे. फटाक्यांच्या आवाजाची सवय लावायला तो पुरत नाही. ते काम नंतर कर: रेकॉर्ड केलेला आवाज अगदी बारीक लावायचा, सोबत चिकन, आणि आठवड्या-आठवड्याने आवाज थोडा वाढवायचा. या वर्षी फक्त सांभाळ. अंधार पडायच्या आत फिरवून आण, हार्नेस घट्ट तपास, पट्ट्यावर फोन नंबर लाव. खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. तो चिकटला तर खुशाल जवळ घे. धीर दिल्याने भीती वाढत नाही. फार थरथरत असेल तर डॉक्टरांना औषधाचं आत्ताच विचार, नरकचतुर्दशीच्या पहाटे नव्हे. आणि फराळाचे डबे उंचावर ठेव. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट आणि कांदा-लसूणही त्याला विषारी. आजी प्रेमाने रव्याचा लाडू भरवेल, तिला आधीच सांग.

बाकीचं थोडक्यात. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला, पुढे दरवर्षी. कुणाला चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. गोचीड रोज शोध, कान आणि बोटांच्या बेचक्यात. पाय अजून दुखत असेल तर तो चिडणारच. दुखण्यावर शिकवणीचा उपाय नसतो, एकदा दाखवून घे. पालिकेचा परवाना काढ. सोसायटीत कुणी लिफ्ट बंद करतो म्हणालं तर भांडू नकोस. पशुकल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना छापून अध्यक्षांना दे, आणि रस्त्यावरची घाण उचलायची पिशवी रोज जवळ ठेव. पिशवीने जितके शेजारी वळतात तितके कायद्याने वळत नाहीत.

घरात सगळ्यांनी शब्द एकच ठेवा. तू ‘बस’, दादा ‘सिट’ आणि बाबा ‘बैठ’, असं चाललं तर बंड्याने काय करायचं?

शेवटी एक काम. वही घे आणि रोज रात्री लिही की आज बंड्याने काय काय बरोबर केलं. चुका अजिबात लिहायच्या नाहीत. मोबदला द्यायचा तर आधी काम दिसावं लागतं, आणि आपली नजर चुकांवर इतकी बसलेली असते की शांत पडून राहिलेला कुत्रा आपल्याला दिसतच नाही. पहिल्या दिवशी एखादीच ओळ होईल. भाऊबीजेला येईन तेव्हा ती वही मला दाखव. पानं भरलेली असली तर दादाला सांग, ट्रेनरचे पैसे वाचले, चिकन त्याने आणायचं.

ताईला आणि आजीला नमस्कार.

तुझी,
मावशी