रंगाच्या नाल्यातले कामाचे जंतू

कापडाच्या धंद्यात रंगाचे सांडपाणी ही आम्हा सर्वांची डोकेदुखी. पण ज्या नाल्यात वर्षानुवर्षे हे पाणी पडते, तिथल्याच गाळात ते पचवणारे जंतू सापडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी इचलकरंजीतून स्युडोमोनास जातीचे असे जंतू वेगळे काढले आहेत.

काम प्रयोगशाळेचे, पण रीत आपण समजून घ्यावी. थोडा गाळ निर्जंतुक पाण्यात घालतात. त्यातला एक भाग नऊ भाग पाण्यात, त्यातला पुन्हा एक भाग नवात, असे पाच-सहा वेळा पातळ करतात. मग रंग मिसळलेल्या अगारच्या थरावर ते पसरतात. (अगार म्हणजे रमजानात आपल्या घरी आणतात ते चायना ग्रास!) एक-दोन दिवसांत ठिपके उगवतात. ज्या ठिपक्याभोवतीचा रंग उडाला, तो उचलून नव्या थरावर वाढवतात. एकच जात उरेपर्यंत.

एका विक्रेत्याने आम्हाला बाटलीतले लाल पाणी पांढरे करून दाखवले. आम्ही लगेच पैसे मोजले. तळाचा गाळ लाल होता, म्हणजे जंतूंनी रंग तोडला नव्हता, नुसता शोषला होता, हे नंतर कळले.

आणि रंग तुटला तरी काम अर्धेच. अॅझो रंग हवेविना तुटतो, तेव्हा अमाइन्स निघतात. त्यांतली काही कर्करोग करणारी आहेत. अशी अमाइन्स सोडणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली, ती याच कारणाने. म्हणून पुढच्या टाकीत हवा सोडून दुसऱ्या जंतूंकडून अमाइन्स संपवावी लागतात. जंतू विकत घेणाऱ्या बांधवांनी आधी या दुसऱ्या टाकीनंतरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा.