लडाख राहू दे, नान्नजला जा

चि. भाच्यास,

क्लबच्या निसर्गचित्र स्पर्धेसाठी तू निवडलेले फोटो पाहिले. पँगाँगचं निळं पाणी छान आलंय, पण तसं पाणी परीक्षकांनी ढिगानं पाहिलेलं असतं. सहलीला गेलेल्या माणसाला लडाख तासाभरापुरतंच भेटतं. सोलापूरकराला आपला मुलूख बाराही महिने पाहता येतो, आणि स्पर्धेत तेच त्याचं खरं भांडवल असतं.

इथल्या हौशी मंडळींचे कॅमेरे सहसा सिद्धेश्वर तलावाकडे वळतात. पाण्यातलं मंदिर देखणं आहे, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी आहे. पण त्याच कट्ट्यावरून, उभ्या माणसाच्या उंचीवरून टिपलेली प्रतिबिंबं पडद्यावर एकामागून एक आली, की कुठलंच लक्षात राहत नाही. विषय ओळखीचा असला तरी नजरेची जागा बदलता येते. पंढरीची वारी कितीजणांनी टिपली असेल! उद्धव ठाकरे यांनी ती आकाशातून टिपली आणि 2011 साली त्याचं ‘पहावा विठ्ठल’ हे पुस्तक झालं. माणसांचा ओघ वरून नदीसारखा दिसतो, हे त्यातल्या चित्रांनी दाखवलं.

माळरानावर मात्र उलट करावं लागतं, खाली बसावं लागतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. तिथे डोंगर नाही, धबधबा नाही. उभ्यानं रुंद लेन्स लावली, तर क्षितिजाची एक रेघ आणि वर रिकामं आभाळ, एवढंच हाती लागतं. तोच कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला आणि कलता सूर्य समोरून जरा बाजूला घेतला, की कुसळी गवताची काडी न् काडी कडेनं उजळते. सपाट वाटणाऱ्या जमिनीचे उंचवटे सावल्यांनी उठून दिसतात. लांबवर एखादा काळवीट उभा असेल तर तो लहानच राहू द्यावा. माळ केवढा मोठा आहे ते त्याच्यामुळेच कळतं.

फोटोसाठी गवतात घुसायचं मात्र अजिबात नाही. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, टिटवीही तसंच करते. वनखात्यानं आखलेली वाट सोडणाऱ्याचा फोटो कितीही सुंदर असो, त्याला बक्षीस मिळू नये.

उजेडाचं गणितही इथलंच हवं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. सावली नाही म्हणजे माळाला आकारही नाही. उन्हाळ्यात सकाळचा पहिला तास साधावा. वळवाचे ढग चढू लागले की संध्याकाळ सोडू नये. जिल्ह्यात पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यामुळे भरून आलेलं आभाळ इथे रोज मिळत नाही. थंडीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी आहे, हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे.

असा क्षण आला तर हात तयार हवा. अमेरिकेतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र ॲन्सेल ॲडम्स यांनी 1941 साली टिपला, तेव्हा त्यांना ऐनवेळी प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी उघडझाप ठरवली. दुसरा फोटो घ्यायच्या आत स्मशानातल्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे डार्करूममध्ये त्यांनी ते आकाश अधिकाधिक काळं केलं.

इथेच नवखे फसतात. खुल्या विभागात बहुधा असे संस्कार चालतात. ‘नेचर’ विभागाचे नियम कडक असतात, तिथे विजेची तार पुसली किंवा दुसरीकडचे ढग चिकटवले की फोटो बाद. नियमावली आधी शब्दन् शब्द वाचावी. मूळ रॉ फाइल जपून ठेवावी, कारण निकालाआधी ती मागवली जाऊ शकते. फोटोवर स्वतःचं नाव टाकू नये, परीक्षण निनावी असतं. रंगांची स्लायडर शेवटपर्यंत ओढण्याचा मोह तर ठामपणे टाळावा. सोलापूरचं गवत पिवळं आहे, ते पिवळंच दिसू दे.

तेव्हा पँगाँग बाजूला ठेव, येत्या रविवारी उजाडायच्या आत नान्नज गाठ आणि प्रवेशिकेत एक तरी फोटो आपल्या माळाचा घाल. परीक्षकांचे शेरे मात्र लिहून आण, आपण ते सोबत बसून वाचू.

तुझा मामा