एकच आई, दोन लॅब, दोन आकडे : खरा कोणता?

प्रश्न : माझ्या सुनेचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे, मुलाचा ओ पॉझिटिव्ह. तिची ही दुसरी खेप. पाचव्या महिन्यात तालुक्याच्या लॅबने तिच्या रक्तातल्या अँटिबॉडीचा टायटर १६ सांगितला. दोन आठवड्यांनी शहरातल्या लॅबने तोच ६४ सांगितला. घरात सगळे धास्तावलो आहोत. एका लॅबची चूक झाली की बाळाचा धोका वाढला? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, म्हणून आधी निष्कर्ष सांगतो. दोन्ही लॅबनी काम नीट केलेलं असू शकतं. दोन वेगळ्या लॅबच्या या आकड्यांवरून धोका चौपट झाला असं म्हणता येत नाही. पण १६ हा आकडासुद्धा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

आता कारण पाहू. आरएच निगेटिव्ह आईच्या पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात किंवा गर्भपाताच्या वेळी बाळाच्या काही लाल पेशी आईच्या रक्तात मिसळतात. त्या पेशींवरचा ‘डी’ हा घटक आईच्या शरीराला परका वाटतो आणि ते त्याविरुद्ध अँटी-डी ही अँटिबॉडी तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. पुढच्या खेपेला मात्र ही अँटिबॉडी वार ओलांडून बाळाच्या लाल पेशी नष्ट करू लागते. आपल्या देशात शंभरात पाचेक जण आरएच निगेटिव्ह असतात, म्हणजे हा प्रश्न पुष्कळ घरांचा आहे.

अँटिबॉडी आहे का, हे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट सांगते. रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस या तिघांनी १९४५ मध्ये ती जगापुढे ठेवली. अँटिबॉडी किती आहे, हे टायटरवरून कळतं. त्यासाठी आईचं सीरम दर नळीत निम्म्याने पातळ करत नेतात : २, ४, ८, १६, ३२, ६४ पट. प्रत्येक नळीत डी असलेल्या लाल पेशी घालून ती ३७ अंश सेल्सिअसवर ठेवतात, पेशी धुतात, मग कूम्ब्स सीरम घालून गुठळ्या होतात का ते बघतात. गुठळी दिसलेल्या शेवटच्या नळीचा आकडा म्हणजे टायटर. काही रिपोर्टांत तो १:६४ असा लिहिलेला असतो, अर्थ तोच.

कोकमचं सरबत असंच निम्म्यानिम्म्याने पातळ करत नेलं आणि चव कितव्या पेल्यापर्यंत लागते असं दोघांना विचारलं, तर एक चौथा पेला सांगेल, दुसरा पाचवा. टायटरचंही तसंच आहे. तराजूवरच्या किलोसारखं ते पक्कं माप नव्हे. १६ आणि ६४ यांत चौपट अंतर दिसतं, पण नळ्या मोजल्या तर ते दोनच नळ्यांचं आहे. आणि तेवढं अंतर पडायला पुढची कारणं पुरेशी असतात.

पहिलं कारण पद्धत. कुणी काचेच्या नळीत तपासणी करतं, कुणी जेल कार्डावर. जेल कार्डावर टायटर बहुधा एखाददोन पायऱ्या वर येतो. दुसरं कारण पेशी. सगळ्या पॉझिटिव्ह पेशींवर डी सारखाच नसतो. काही दात्यांच्या पेशींवर तो दाट असतो, काहींच्या पेशींवर विरळ, आणि दाट पेशी घेतल्या की आकडा चढतो. तिसरं कारण हात. दर पातळीला पिपेटची टिप बदलली नाही, तर आधीच्या नळीतलं सीरम पुढच्या नळीत जातं आणि टायटर उगाच वाढतो. चौथं कारण नजर. बारीकशी गुठळी एक तंत्रज्ञ धरतो, दुसरा सोडून देतो.

म्हणूनच सगळ्या लॅबनी एकाच रीतीने तपासावं, असा आग्रह तज्ज्ञ धरतात. त्याचे तीन भाग आहेत. पेशी, वेळ, तापमान आणि शेवटची गुठळी कशी ठरवायची, हे सगळं लेखी ठरलेलं असावं. दर तपासणीबरोबर ज्याचा टायटर आधीच माहीत आहे असं सीरम चालवावं, म्हणजे त्या दिवशीचं मोजमाप सरकलं असेल तर लगेच कळतं. आणि एकच नमुना अनेक लॅबना पाठवून त्यांची उत्तरं शेजारी ठेवून पाहावीत. एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबना अशा बाह्य पडताळणीत भाग घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये अँटी-डी आंतरराष्ट्रीय एककांतही मोजतात. तिथे मिलिलिटरमागे ४ एककांच्या खाली धोका कमी मानतात आणि १५ च्या वर गेला तर गंभीर. मोजणी एका सामायिक प्रमाण सीरमशी जोडलेली असल्यामुळे एका गावचा आकडा दुसऱ्या गावी समजतो.

तपासणीची एक पायरी गाळली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. कूम्ब्स यांचे सहकारी रेसही त्या शोधनिबंधाच्या लेखकांत होते. हे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ दिसतं, पण त्यात ओ गटाच्या पेशींवरही हल्ला करणारी अँटी-एच अँटिबॉडी असते. रुग्णाचं सीरम ओ पेशींबरोबर तपासलंच नाही, तर ती सापडत नाही, आणि अशा रुग्णाला दिलेलं ओ रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आता तुमच्यापुरतं. यापुढे टायटर एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. दर वेळचा नमुना गोठवून ठेवाल का, असं लॅबला विचारा. पुढच्या वेळी जुना आणि नवा नमुना शेजारी शेजारी तपासून दोन नळ्यांची वाढ दिसली, तर ती खरी वाढ. एका नळीच्या फरकाने घाबरू नका. सुनेने अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख लॅबला आवर्जून सांगा, कारण त्या इंजेक्शनामुळेही तपासणी काही काळ पॉझिटिव्ह येते.

बहुतेक ठिकाणी १६ किंवा ३२ ही सावध होण्याची रेषा धरतात. त्या रेषेपासून पुढे आकडा नव्हे, बाळ पाहायचं असतं. डॉप्लर सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजून त्याला रक्तक्षय होतोय का, हे समजतं. तसं आढळलंच तर गर्भातच बाळाला रक्त देता येतं. पहिल्या बाळाला हा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, कारण अशा वेळी टायटरवर विसंबून चालत नाही.

दोन्ही रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आणि लॅब कोणतीही असो, टायटरच्या आकड्याशेजारी तपासणीची पद्धत लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.