हळदीचा डाग आणि विद्राव्यतेचा पाठ

सदऱ्यावर सांडलेल्या आमटीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, हे खेड्यातील बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. वर्गात मात्र विद्राव्यतेचा पाठ आला की फळ्यावर दोन रकाने पडतात. मीठ व साखर पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांत. वाळू, तेल, मेण व हळद न विरघळणाऱ्यांत. मुले ते उतरवून घेतात आणि पाठ संपतो. या रकान्यांत मोठी चूक आहे असे नव्हे. परंतु ज्या मुलाने डाग लाल झालेला पाहिला आहे, त्याच्या प्रश्नाला त्यांत जागा नाही. दोनचार वेळा असे घडले म्हणजे तो विचारणेच सोडून देतो. पाठ्यक्रमाचा एखादा भाग राहून जाण्यापेक्षा ही हानी अधिक होय.

हळदीचा पिवळेपणा ज्या सेंद्रिय संयुगामुळे असतो त्यास कुर्क्युमिन म्हणतात. व्होगेल व पेल्तिए यांनी 1815 साली ते हळदीतून वेगळे काढले. त्याची रेणुरचना 1910 साली निश्चित झाली. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. फोडणीचे तेल पिवळे होते ते यामुळेच. हळदीच्या पुडीत कुर्क्युमिन थोडे असून पिठूळ द्रव्य पुष्कळ असते आणि ते तळाशी बसतेच. म्हणून गाळ उरला एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. गाळून आलेला द्रव पाहावा. नेमके येथेच पुष्कळदा पाठ फसतो.

प्रयोगास काचेचे दोन पेले, धुण्याचा सोडा, एक लिंबू व टीपकागद किंवा घट्ट विणीचे फडके पुरे. एका पेल्यात अर्धा कप साधे पाणी घ्यावे. दुसऱ्यात तितक्याच पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा विरघळवावा. दोहोंत अर्धा अर्धा चमचा हळद घालून ढवळावे व गाळून घ्यावे. पहिल्या पेल्यातील द्रव फिकट पिवळसर येतो, दुसऱ्यातील गडद तांबडा. म्हणजे जे द्रव्य पाण्यात उतरत नव्हते ते सोड्याच्या पाण्यात उतरले. आता तांबड्या द्रवातील दोन चमचे वेगळे घेऊन त्यात गाळलेला लिंबाचा रस थोडा थोडा घालावा. प्रथम फेस येतो, मग तांबडा रंग जाऊन द्रव पिवळा व गढूळ होतो. विरघळलेले कुर्क्युमिन पुन्हा पाण्याबाहेर पडू लागले, असा याचा अर्थ. हा सर्व प्रयोग एकाच तासिकेत उरकावा. सोड्याच्या पाण्यात कुर्क्युमिन हळूहळू विघटन पावते, त्यामुळे सकाळी करून ठेवलेला द्रव दुपारी दाखविल्यास अपेक्षित रंग मिळेलच असे नाही.

असे का घडते, हे शिक्षकांनी स्वतःपुरते तरी नीट समजून घ्यावे. कुर्क्युमिन हे दुर्बल आम्ल आहे. सोड्यासारख्या आम्लारिधर्मी द्रवात त्याच्या रेणूतील हायड्रोजन धनभारित होऊन निघून जातो आणि उरलेल्या भागावर ऋण विद्युत्भार राहतो. विद्युत्भार असलेल्या कणांस पाणी सहज सामावून घेते. लिंबातील आम्ल तो हायड्रोजन परत देते, भार नाहीसा होतो आणि पाण्याचा आधार सुटतो.

साबणाने हेच अधिक ठळक दिसते. साबण हा मेदाम्लांचा क्षार होय, हे शेव्ररल यांनी चरबीवरील संशोधनाने दाखविले. त्यांचा ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध झाला. अंगाच्या साबणाचा थोडा कीस कोमट पाण्यात विरघळवून त्यात लिंबू पिळावे. द्रव दुधाळ होतो आणि पांढरे मेदाम्ल वर तरंगू लागते. धुण्याचा सोडा घालून गरम केले की ते पुन्हा विरघळते. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ म्हणून एकूण मेदद्रव्याचे शेकडा प्रमाण छापलेले असते, तेही साबणात आम्ल घालून मेदाम्ल वेगळे काढूनच मोजतात. मात्र कपड्यांच्या डिटर्जंट पावडरीने हा प्रयोग साधत नाही. तिची घडण निराळी असते. विहिरीचे पाणी जड असेल तर साबणाचा साका लिंबू न घालताच येतो, म्हणून पावसाचे पाणी वापरणे बरे.

कापूर मात्र उदासीन आहे. पाण्यात तो अत्यल्प विरघळतो. सोडा घाला वा लिंबू पिळा, त्यात फरक पडत नाही. (कापराचा लहानसा कण स्वच्छ पाण्यावर गरगर फिरतो. मुले त्यातच रमली तर रमू द्यावीत.) याउलट, आम्लात विरघळणारी सेंद्रिय द्रव्येही आहेत. हिवतापावरील क्विनीन साध्या पाण्यात फार थोडे विरघळते, आम्लाशी त्याचा क्षार झाला म्हणजे चांगले विरघळते. मासळीच्या उग्र वासाचे एक कारण असलेले द्रव्य आम्लारिधर्मी आहे. लिंबू पिळताच त्याचा क्षार होतो आणि वास दबतो.

प्रयोगशाळेत अनोळखी सेंद्रिय द्रव्य आले की रसायनज्ञ याच क्रमाने जातो. पाण्यात विरघळत नाही, पण खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात विरघळते, ते बहुधा त्यातल्या त्यात तीव्र आम्ल. केवळ विरल कॉस्टिक सोड्यात विरघळते ते बहुधा दुर्बल आम्ल. विरल आम्लात विरघळते ते आम्लारी. कशातच नाही ते बहुधा उदासीन. प्राथमिक शाळेत कॉस्टिक सोडा आणूच नये. तो कातडी व डोळे भाजतो. धुण्याचा सोडाही शिक्षकांनीच हाताळावा. आंबट-तुरट ओळखण्यासाठी कोणतेही द्रव्य जिभेला लावू देऊ नये.

एखादा विद्यार्थी घरी खाण्याचा सोडा घेऊन करून पाहील आणि ‘हळद लाल झाली नाही’ असे सांगेल. त्यास खोटे ठरवू नये. खाण्याच्या सोड्याचे ताजे द्रावण इतके सौम्य असते की रंग पिवळा किंवा फार तर नारिंगी राहतो. तेच द्रावण काही वेळ उकळून निववावे व मग त्यात हळद घालावी. उकळताना कार्बन डाय ऑक्साइड निघून जातो, द्रावण अधिक आम्लारिधर्मी होते आणि लाली येते. त्याने वहीत आपले पहिले निरीक्षण खोडू नये. त्याखालीच दुसरे लिहावे.